जाऊन आले, असं मी रत्नाला सांगितलं

भंतेजी, विलासदादा, प्रज्ञा, काळेवाडीची समदी मंडळी, आणि आमच्या बसमधल्या बायांनो. समद्यांना माझा जय भीम आणि रामराम.

मला भाषण येत न्हाई. विलासदादांनी नाव घेतलं म्हणून उठले. खरं सांगू का, नाव घेतलं नसतं तरी उठले असते. सकाळपासनं मला एका जागी बसवत न्हाई. मघाशी दोनदा चपला घालून बाहेर जाऊन आले, तुमच्यातल्या काहींनी बघितलंय. हा माइक मी बाजूला ठेवते. हातात काही धरून उभं ऱ्हायला मला जमायचं न्हाई. मागं ऐकू जातंय का? जात नसंल तर पुढं या. पुढं जागा हाय.

मी कुसुम. दिघीची. रत्ना आणि मी चाकणला एका कंपनीत, एका लाइनवर अकरा वर्षं होतो. गाडीच्या आत वायरींचं जाळं असतं बघा, ते आमी बांधतो. मी टेप गुंडाळणारी, ती शेवटच्या टेबलावर तपासणारी. रोज सकाळी एका बसनं जायचं, एका बसनं यायचं. ती काळेवाडीला चढायची, मी दिघीच्या फाट्यावर. अकरा वर्षांत आमचं भांडण किती वेळा झालं त्याचा हिशोब न्हाई, पण अबोला एकदाच झाला, तो बी दीड दिवस.

गेल्या बुधवारी ती गेली. तोंडाच्या कॅन्सरनं गेली.

माझ्या आधी चार जण बोलले. चौघंबी चांगलं बोलले. पण चौघांनी बी ‘दीर्घ आजार’ म्हणलं. दीर्घ कसला? दीड वर्षात बाई संपली. आजाराचं नाव घ्यायला आपण का भितो? नाव घेतलं की तो घरात येतो का? तो न घेता बी आला. म्हणून मी नाव घेणार, कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

आणि मी उठले त्याचं कारण वेगळंच हाय. ते आधी सांगून टाकते, म्हंजे पुढचं बोलायला मोकळी. मी रत्नाला खोटं सांगितलं. शेवटच्या तीन आठवड्यांत, तीन वेळा. ती दवाखान्यात पडलेली. मला विचारायची, जाऊन आलीस का? आणि मी सांगायचे, आले, काही न्हाई निघालं.

कुठं जायचं होतं मला? डॉक्टरकडं. माझ्या डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा हाय. बोटानं पुसला तर पुसत न्हाई. आज दीड महिना झाला. मी गेलेच न्हाई. घरात कुणाला माहीत न्हाई. आमचे हे तिकडं खांबाजवळ बसलेत, त्यांना बी आत्ताच कळलं.

अहो, उठू नका. बसा. माझं होऊ द्या, मग घरी जाऊन काय बोलायचं ते बोला.

तर रत्ना. रत्ना कशी होती हे मी तुमाला काय सांगायचं, तुमच्या गल्लीतली बाई ती. पण कंपनीतली रत्ना तुमाला माहीत नसंल. तिच्या टेबलावर एक फळा होता. वायरींचं जाळं त्याला जोडायचं. समदं बरोबर असंल तर हिरवा दिवा, कुठं चुकलं असंल तर लाल. लाल लागला की माल परत. एकदा महिनाअखेर होती, गाडी गेटावर उभी, सुपरवायझर हातापाया पडायला लागला. म्हणला, रत्नाताई, एक सोडा ना, एवढ्याशानं काय होतंय. रत्ना म्हणली, सर, गाडी उभी राहू द्या, मी सोडणार नाही. कुणाच्या तरी घरातली माणसं त्या गाडीत बसणार आहेत. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत गेला. आमी समद्या टेपामागं तोंड लपवून हसलो.

अशी बाई. एवढ्या बारीक नजरेची बाई. तिच्या स्वतःच्या तोंडात लाल दिवा लागला होता आणि आमी समद्या मिळून तो हिरवा हाय म्हणून तिला समजावत होतो. मी समद्यात पुढं.

थांबा, पाणी घेते.

आता जे सांगते ते प्रज्ञासाठी सांगते. प्रज्ञा, तू मला दवाखान्याच्या जिन्यात विचारलं होतंस. आठवतंय ना? मावशी, आईला हे कसं झालं? आई तर काहीच खात नव्हती. मी तुला म्हणलं, नशीब बाई. आणि तुझ्या हातातला डबा घेऊन वर निघून गेले. ते नशीब नव्हतं. म्हंजे असंल बी थोडं, डॉक्टर म्हणतात काहींना काही न करता बी होतो. पण तुझ्या आईच्या बाबतीत मला माहीत होतं आणि मी बोलले न्हाई.

रत्ना कंपनीत लागली त्याच्या पहिल्याच महिन्यात तिची दाढ दुखायला लागली. गाल हातात धरून लॉकरच्या खोलीत बसलेली. सुट्टी मागायची सोय न्हाई, नवी होती. मी माझी डबी काढली. म्हणलं, ही लाव, दहा मिनिटात दाढ गप्प बसंल. डबीत मशेरी. आमच्या घरची. सासूबाईंपासनं आमच्याकडं मशेरी घरीच भाजायची. दुकानातनं तंबाखूचं पान आणायचं, लोखंडी तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, कुटायचं, चाळायचं. मी गच्चीवर भाजायला बसले की शेजारच्या सोसायटीच्या खिडक्या धडाधड लागायच्या. एकदा त्यांचा वॉचमन खोकत खोकत वर आला होता, मावशी, आग लागली का म्हणून.

रत्नानं डबीत बघितलं. वास घेतला. आणि मला विचारलं, कुसुम, ही तंबाखू आहे ना?

मी म्हणलं, तंबाखू कशी असंल? मशेरी हाय. दात घासायची.

ती म्हणली, बघ हं, आमच्या घरात पंचशील घेतलंय. माझे सासरे सुपारीला सुद्धा शिवले नाहीत आयुष्यात. ह्या घरात व्यसन चालत नाही.

मी म्हणलं, अगं, व्यसन करायला कोण सांगतंय? दात घास म्हणतेय.

आणि तिनं लावली. माझ्या डबीतली, माझ्या सांगण्यावरनं. दाढ थांबली बी.

विलासदादा, तुमी मान खाली घालू नका. मान मी खाली घालायची. तुमच्या घरात, तुमच्या बायकोला, व्यसन लागलं ते माझ्या हातानं लागलं. आणि ते व्यसन हाय हे मला माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. दुकानदाराला मी तंबाखू द्या म्हणायचे. तव्यावर टाकताना बी ती तंबाखूच असायची. काळी झाली, डबीत गेली, की मशेरी. आमच्यातल्या एकीच्या बी डोक्यात कधी आलं न्हाई की तवा तापल्यानं तंबाखूची तंबाखू जात न्हाई.

तुमाला खोटं वाटंल, पण आमच्या कंपनीच्या गेटावर रोज झडती असते. गड्यांच्या खिशातल्या पुड्या काढून घेतात. तंबाखूची पुडी, गुटखा, चुन्याची डबी, समदं त्या पेटीत जातं. बायांच्या बाजूला बाई असते तपासायला. ती आमची डबी उघडायची, हे काय? आमी म्हणायचो, दात घासायचं. जा. कित्येकदा तीच एक चिमूट घेऊन मग जा म्हणायची. आणि बस सुटली की डबी पहिल्या सीटपासनं शेवटच्या सीटपर्यंत फिरायची. मोशीपर्यंत समद्यांची तोंडं काळी. तिथं बस थांबवून चुळा भरायच्या. ड्रायव्हर ओरडायचा, आमी त्याला गप्प करायचो. दिवसातनं किती वेळा? सकाळी, जेवल्यावर, चहानंतर, संध्याकाळी. मशेरी लावली न्हाई की डोकं धरतंय, शौचाला होत न्हाई, कुणाशी बोलू वाटत न्हाई. ह्याला व्यसन म्हणत न्हाईत तर कशाला म्हणतात, तुमीच सांगा.

मग तपासणीची गोष्ट. हे मला रात्रंदिवस खातंय, म्हणून सांगते.

कंपनीत वर्षातनं एकदा डॉक्टर येतात. वजन, बीपी, डोळे. त्याच्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. आमच्यात रत्नाचं अक्षर चांगलं. आमचे चौदा जणींचे फॉर्म ती एकटी भरायची, जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून. त्यात एक रकाना असतो, व्यसन. रत्ना पेन वर धरून विचारायची, कुसुम, व्यसन? मी म्हणायचे, व्यसन करायला वेळ कुठं हाय आपल्याला. ती हसायची आणि लिहायची, नाही. पुढची. व्यसन? नाही. पुढची. नाही. चौदावा तिचा स्वतःचा. नाही. आणि फॉर्म भरून झाले की हात धुऊन आमी समद्या नळाजवळ मशेरी लावायला.

डॉक्टरनं विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू? न्हाई ओ डॉक्टर. आमी बायका, आमी कशाला खातोय. त्यानं मशेरीचं नाव घेतलं न्हाई. कधी कधी मला त्याचा राग येतो. नाव घेऊन विचारायला तुझं काय जात होतं रे बाबा? तोंड उघड म्हणायला काय जात होतं? मग मलाच वाटतं, त्याला शंभर माणसं बघायची होती आणि आमचा फॉर्म तर धुतल्या तांदळासारखा. तो तरी काय करंल. तरी राग येतो. तुमाला सांगते, गेले पाच दिवस मला समद्यांचाच राग येतोय.

मागं कोण बोलतंय? बोलू नका, जरा ऐका. ही कुणाच्या तरी घरातली गोष्ट हाय, उद्या तुमच्या बी घरातली असंल.

पहिल्यांदा रत्नाला झोंबायला लागलं. तिखट. तिच्या हातचा ठेचा तुमी खाल्ला असंल, माणूस उठून पळायचा. तीच रत्ना कॅन्टीनमध्ये भाजी नळाखाली धरून धुवायला लागली. धुतलेली भाजी आणि चपाती. आमी चिडवायचो, बाई आता साखरेचं वरण खाणार. ती हसायची. मग पाणी बी झोंबायला लागलं. साधं पाणी. आमी म्हणलं, उष्णता झाली. सब्जा दिला, गुलकंद दिला, मी घरनं तूप आणलं. मग तिच्या गालात आतनं पांढरं दिसायला लागलं, मध्येच लालसर. आमी म्हणलं, तोंड आलंय. कुणी म्हणलं ज्येष्ठमध चघळ, कुणी म्हणलं हळद लाव. आणि मी काय म्हणलं माहिताय? मी म्हणलं, मशेरी जास्त लाव, जंतू मरतील.

व्हय. मीच म्हणलं.

मग तिला चपातीचा घास मोठा घेता येईना. तोंड उघडायचंच कमी झालं. आपलं तोंड नीट उघडलं तर आपलीच तीन बोटं उभी आत गेली पायजेत. हे मला नंतर दवाखान्यात कळलं. रत्नाची दोन बी जात नव्हती. वडापाव ती तुकडे करून खायची आणि आमी म्हणायचो, नाजूक झाली बाई. मग एक दाढ हलायला लागली, काही लागलं न्हाई, पडली न्हाई, आपसूक हलायला लागली. मग कान दुखायला लागला. कानाचे थेंब घातले. मग गळ्याखाली एक गाठ आली, हरभऱ्याएवढी, दुखत नव्हती. दुखत न्हाई म्हणून आमी म्हणलं, काही न्हाई.

तुमाला वाटत असंल, ही काय यादी वाचत बसली. मी यादी वाचत न्हाई, बाई. हे एकेक आमी डोळ्यानं बघितलंय, सात महिने, रोज, बसमध्ये शेजारी बसून. ह्यातलं एक बी दिसलं आणि पंधरा दिवसांत गेलं न्हाई तर डॉक्टरला तोंड दाखवायचं, एवढंच होतं. पंधरा दिवस. आमी सात महिने घालवले.

शेवटी प्रज्ञानं तिला धरून दातांच्या डॉक्टरकडं नेली. बाई डॉक्टर होती. तिनं तोंडात बघितलं, परत एकदा बत्ती धरून बघितलं. म्हणली, छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. रत्ना दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढली, माझ्या शेजारी बसली, तुकडा काढायचा म्हणतात म्हणली. मी म्हणलं, खुळी का काय, सुरी लागली की पसरतो. आमच्या चुलत जावेच्या भावाला तुकडा काढला आणि तीन महिन्यांत गेला. अजिबात काढू देऊ नको.

तो तुकडा काढला म्हणून गेला नव्हता. तो उशिरा गेला म्हणून गेला. हे आज मला कळतंय. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, तुकडा काढल्यानं काही पसरत न्हाई, तुकडा काढल्याशिवाय काय हाय ते कळत न्हाई, आणि पांढरा चट्टा म्हंजे दर वेळी कॅन्सर असतो असं बी न्हाई. लवकर सापडला तर छोट्या ऑपरेशनवर भागतं. पण तेव्हा रत्नानं माझं ऐकलं. आणखी दोन महिने गेले. ते दोन महिने माझे. ते मी कुणाच्या नावावर घालू?

मग काय झालं ते तुमाला माहीत हाय. तुमी बघायला येत होता. जबडा अर्धा काढला. रेडिएशनचे शेक दिले. सहा महिने जरा बरं वाटलं आणि परत गाठ आली.

बोलणारी बाई, तिची बोली बंद झाली. प्रज्ञाची एक जुनी वही तिनं उशाशी ठेवली होती, त्यात लिहून बोलायची. चांगलं अक्षर. मी रविवारी, गुरुवारी जायचे. कंपनीतल्या गोष्टी सांगायचे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची बदली झाली, तिच्या टेबलावर आता कोण बसतंय आणि लाल दिव्याचा माल कसा सोडतंय. ती वहीत लिहायची, तिला माझ्याकडे पाठव.

दीड महिन्याखाली एका दुपारी मी तिच्यासमोर चहा प्यायले. पहिला घोट घेतला आणि माझा डोळा बारीक झाला. मला कळलं बी न्हाई. तिला कळलं. तिनं वही ओढली आणि लिहिलं, तोंड उघड.

मी म्हणलं, काय तरी काय. गरम होता चहा. तिनं परत त्याच शब्दांवर पेन आपटलं. मी उघडलं. तिनं उशाखालचा मोबाइल काढला, त्याची बत्ती लावली आणि माझ्या तोंडात बघायला लागली. जिला स्वतःचं तोंड उघडता येत नव्हतं, ती माझा गाल बोटानं बाजूला करून बघत होती. जशी फळ्याकडं बघायची तशीच बघत होती. बघितलं. मोबाइल खाली ठेवला. वहीत लिहिलं, डावीकडे. पांढरं. उद्या जा.

मी म्हणलं, जाते.

न्हाई गेले. का न्हाई गेले, मला विचाराल तर मला सांगता येत न्हाई. भ्याले. रत्नाकडं बघितलं आणि भ्याले. डॉक्टरला न दाखवता चट्टा असाच ऱ्हायला तर तो चट्टाच असतो, दाखवला तर त्याला नाव मिळतंय, असं काहीतरी डोक्यात. आणि मशेरी? मशेरी बी बंद केली न्हाई. दवाखान्याच्या बाहेर, रिक्षा स्टँडजवळ, रत्नाला भेटून आल्यावर मी मशेरी लावलीय. हे ऐकताना तुमच्या तोंडाचं काय होतंय ते मला दिसतंय. होऊ द्या.

तीन आठवडे मी सुट्टी मिळाली की जाते म्हणून टाळलं. मग एका रविवारी तिनं लिहिलं, गेलीस? मी म्हणलं, हो, गेले, काही न्हाई म्हणले. गुरुवारी परत. खरंच गेलीस ना? म्हणलं, तुझी शपथ. त्याच्या पुढच्या रविवारी तिला पेन धरवत नव्हतं. तिनं नुसतं माझ्या गालाकडं बोट केलं. आणि मी हसून म्हणलं, बरी हाय गं, काही न्हाई निघालं, तू तुझं बघ.

तिनं डोळे मिटले. चेहरा सैल पडला तिचा. तिला बरं वाटलं. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून तिला बरं वाटलं. तीन दिवसांनी ती गेली.

प्रज्ञा, रडू नको. म्हंजे रड. मी कोण सांगणार रडू नको म्हणून. तुला माझ्याशी बोलायचं नसंल तर बोलू नको, मला घरात घ्यायचं नसंल तर घेऊ नको. मी तक्रार करणार न्हाई. पण तुला ज्या दिवशी वाटंल की आईनं आपलं ऐकलं न्हाई, त्या दिवशी एवढं लक्षात ठेव की तुझी आई तुकडा काढून घ्यायला तयार होती. तिला मी अडवलं.

गडी माणसांनो, तुमी आरामात बसलाय म्हणून सांगते. बायकांची गोष्ट चाललीय असं समजू नका. तुमच्या खिशात काय हाय ते मला हितनं दिसतंय. गुटखा, मावा, तंबाखू चुना, नुसती सुपारी बी, त्यावर संध्याकाळची दारू. ही समदी एकाच घरातली मंडळी हायत. शिफ्टमध्ये झोप येऊ नये म्हणून खातो, हे मी बी अकरा वर्षं ऐकतेय. झोप उडते, खरं हाय. पुढचं विलासदादांना विचारा. एखादा दात टोचत असंल, कवळी घासत असंल, तेबी दाखवून घ्या. आणि रत्नाच्या घरातल्यासारखं कुणाला वाटत असंल की आपल्याकडं असलं काही न्हाई, तर एकदा घरातल्या बायांना विचारा की तुमी दात कशानं घासता.

आणि आमच्या बसमधल्या बायांनो. चौदा जणींत आता आपण तेरा. तुमाला मी काय सांगू? डबी मीच फिरवत होते. उद्यापासनं माझी डबी फिरणार न्हाई. सुटंल का? माहीत न्हाई. सुटायला औषध असतं म्हणे, विचारून घेणार. आज सकाळपासनं लावली न्हाई, म्हणून ही अशी येरझाऱ्या घालतेय तुमच्यासमोर, डोकं फुटायला लागलंय. मघाशी बाहेर दोनदा गेले ते पदराला गाठ मारलेली पुडी सोडायला गेले होते. दोन्ही वेळा न सोडता परत आले. तिसऱ्यांदा मला बाहेर जाऊ देऊ नका. विलासदादा, ही घ्या. तुमच्या हातात देते. तुमी फेका.

उद्या सकाळी नऊला मी जाते. तुकडा काढा म्हणले तर काढू देणार. आमचे हे सोबत येतील. येणार ना हो? बघा, मान हलवली. काय निघंल ते निघंल. ‘काही न्हाई’ निघणं माझ्या हातात न्हाई. जाणं माझ्या हातात होतं आणि दीड महिना मी ते केलं न्हाई. ज्या बाईला यायचंय तिनं नऊच्या आधी दिघीच्या फाट्यावर यावं. कामावर खाडा पडला तर पडू द्या, सुपरवायझरशी मी बोलते.

आता आपण उभं राहू या. रत्नासाठी दोन मिनिटं गप्प राहायचंय. डोळे मिटा. पण त्या दोन मिनिटांत नुसतं उभं राहू नका, माझं एवढं ऐका. तोंड बंद ठेवून जीभ फिरवा. उजवा गाल, डावा गाल, हिरड्या, ओठाच्या आत, जिभेखाली. खडबडीत लागतंय का, झोंबतंय का, गाठ हाय का, जखम हाय का, ते हळूहळू बघा. कुणाला सांगायचं न्हाई. तुमचं तुमाला कळंल.

रत्ना, मी गेले नव्हते. उद्या जाते.

उभे राहा समदे.